फियाटच्या फ्यूजची फाइल

हॉर्नचं बटण दाबल्यावर वायपर फिरले, यात महादेवराव इखारांचा काय दोष होता, हे अजूनपर्यंत कोणी त्यांना समजावून सांगू शकलेलं नाही. गाड्या तपासणारे साहेब म्हणाले, हॉर्न वाजवा. महादेवरावांनी बटण दाबलं. एवढंच त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी चोख केलं. त्यापुढे गाडीला हॉर्न वाजवायचं सोडून कडकडीत उन्हात वायपर फिरवायची हुक्की आली, तर तो गाडीचा आगाऊपणा. त्यासाठी आत बसलेल्या इभ्रतदार माणसाकडे पाहून हसायचं काय कारण? पण साहेब हसले. तिशीतला पोरगेला माणूस, मिशी धड फुटलेली नाही, आणि हसला.

"बरं काका, ब्रेक दाबा," साहेब म्हणाले.

महादेवरावांनी ब्रेक दाबला. मागचा लाल दिवा लागायचा सोडून डावा इंडिकेटर मिणमिणला, आणि मघाशी विनंती करूनही गप्प बसलेला हॉर्न आता कोणी न विचारता बोंबलला. मागच्या रांगेतले ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले आपापल्या गाड्या सोडून पाहायला आले. एकाने तर मोबाइल काढून चित्रणच सुरू केलं. "पुन्हा दाबा न जी," तो म्हणाला, "पह्यलं नीट नाई आलं."

साहेबांनी कागदावर सात दोष लिहिले आणि खाली शेरा मारला: 'संपूर्ण वायरिंग सदोष. दुरुस्त करून बारा दिवसांनी पुन्हा हजर करावी.' महादेवरावांना नापास झाल्याचं दुःख नव्हतं. ते खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते आणि ते त्यांनी पचवलं होतं. त्यांना 'काका' झोंबलं, आणि त्याहून 'वायरिंग' झोंबलं. कारण महादेवराव इखार विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले होते. चौतीस वर्षं! विजेच्या माणसाच्या गाडीचं वायरिंग सदोष म्हणजे काय? हलवायाच्या घरी साखर आंबट निघाली म्हणायचं?

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी महादेवरावांनी कधी कोणाला सांगितली नाही. ते विजेच्या खात्यात होते हे खरं, पण होते हेडक्लार्क, आस्थापना शाखेत. कोणाची रजा शिल्लक आहे, कोणाची वेतनवाढ अडली आहे, कोणाच्या सेवापुस्तकात जन्मतारीख खोडलेली आहे, हा त्यांचा प्रांत. तारेशी संबंध आला तो टेबलफॅनच्या, आणि तोही शिपाई लावून द्यायचा. पण निवृत्तीनंतर ते वर्ध्याच्या गुरुकृपा कॉलनीत राहायला आले आणि पहिल्याच गणपतीत पोरांनी विचारलं, "काका, तुम्ही लाइट खात्यातले ना? माळा लावल्या तर दर दहा मिनटानं जाऊन राह्यल्या." महादेवरावांनी हात मागे बांधले, मंडपाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आधी लोड पाहा." पोरांनी दोन हॅलोजन काढले, माळा राहिल्या. त्या दिवसापासून ते मंडळाचे विद्युत समिती अध्यक्ष झाले. कोणाचा फ्रिज बंद पडो, कोणाची मोटर गरम होवो, महादेवराव हात मागे बांधून जात आणि सांगत, आधी लोड पाहा. दहातून सहादा बरोबर निघे. बाकी चारदा लोक म्हणत, साहेबांनी सांगितलं तसं आपल्यालाच नीट पाहता आलं नाही.

बरं, नापास झालेली ती फियाट तरी महादेवरावांची होती का? नव्हती. ती होती त्यांच्या बायकोची, शकुंतलाबाईंची. त्यांच्या वडिलांचं हिंगणघाटला बियाण्यांचं दुकान होतं, त्यांनी हौसेने घेतलेली ही गाडी. जायच्या आधी ती त्यांनी मुलाच्या नावे न करता मुलीच्या नावे केली. त्यांचा मुलगा धनंजय पुलगावला जुन्या गाड्यांची खरेदीविक्री करतो. त्याच्या हातात गाडी पडली तर ती किती दिवस घरात राहील, हे म्हातारा ओळखून होता.

गाडी नापास झाल्याची बातमी लागताच धनंजय दुसऱ्या दिवशी हजर.

"ताई, आता तरी आयक माह्यं," तो म्हणाला. "नागपूरचा माणूस तयार हाये. सुट्या भागासाठी नेते तो. इथं उभी राहून सडून राह्यली बिचारी."

"बाबांची गाडी तुकडे करून देऊ का?" शकुंतलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पोर्चकडे पाहिलं. "पण अशी मेल्यावानी उभी पाह्यली की माहा जीव तुटते रे. चालत असंल तर राहू दे. नाई चालत तर ने बावा, एकदाची ने."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. महादेवरावांना बायकोच्या डोळ्यांतलं पाणी चालत नाही. ते आलं की त्यांच्या तोंडून काहीतरी भलतं निघतं. तसंच निघालं.

"कोणी नेत नाई! मी बसलो ना इथं! चौतीस वर्षं विजेच्या खात्यात काढली म्यां. बारा दिवसांत सगळं वायरिंग टकाटक करून देतो. अन् नाई झालं ना धनंजय, तर तू खुशाल घेऊन जाजो. एक शब्द बोलणार नाई मी."

"तुम्ही सोता करान?" धनंजयने विचारलं.

"मंग? विजेचा माणूस काय मिस्त्रीपुढं हात जोडाले जाईन?"

बोलून झाल्यावर त्यांना घाम फुटला. पण शकुंतलाबाईंनी डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या, त्यामुळे शब्द मागे घ्यायची वेळ निघून गेली होती.

सरकारी माणूस कुठल्याही संकटात पहिली गोष्ट करतो ती महादेवरावांनी केली. त्यांनी फाइल उघडली. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'फियाट, फ्यूज पेटी व तत्संबंधी'. मग बॉनेट उघडलं. फ्यूज पेटीच्या चिमट्यांवर हिरवा गंज चढलेला, आणि तिच्यातून निघालेल्या तारांचं जंजाळ झालेलं. कधीकाळी लाल, निळ्या, पिवळ्या असलेल्या त्या तारा आता सगळ्या पांढऱ्या होत्या. त्याला कारण महादेवरावच. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गाडीला पांढरा रंग देऊन घेतला होता आणि पेंटरला बजावलं होतं की एक इंच जागा सुटता कामा नये. पेंटर इमानदार निघाला.

महादेवरावांनी तेवीस तारा मोजल्या. प्रत्येक तारेला नंबर द्यायचा ठरवला. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यावर एक ते तेवीस आकडे घातले आणि त्या बांधायला घरातला साठा बाहेर काढला. हापिसात फायली बांधायला सुती दोऱ्या असतात, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी बसवलेल्या. त्यांना टॅग म्हणतात. त्या टॅगचे दोन गठ्ठे निवृत्तीच्या वेळी महादेवरावांसोबत घरी आले होते, कसे ते विचारू नये. तेवीस तारांना तेवीस चिठ्ठ्या, तेवीस टॅग. काम असं देखणं झालं की त्यांनी शकुंतलाबाईंना बोलावून दाखवलं. फ्यूज पेटीभोवती सेहेचाळीस चकचकीत टोकं लोंबत होती.

"छान दिसते," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पण हे टोकं पत्र्याचे हायेत ना?"

"मंग? प्लास्टिकचे टिकत नाई," महादेवराव म्हणाले. बायकांना स्टेशनरीतलं कळत नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

कॉलनीला सुगावा लागायला वेळ लागला नाही. सगळ्यात आधी आले बंडूजी. हे शेजारी राहत, आणि पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. उभ्या हयातीत त्यांच्या हातून सुतळी बॉम्बही फुटला नव्हता, पण बोलणं ऐकाल तर सगळा डेपो त्यांनीच सांभाळला असं वाटावं.

"साहेब, पह्यले पंचवीस फुटाचा घेरा करा," ते म्हणाले. "अन् वाळूच्या दोन बालट्या. वाळूबिगर आम्ही काडीपेटीले बी हात नाई लावला कधी."

"गाडी हाये बंडूजी, बॉम्ब नाई."

"सगळे असंच म्हणते," बंडूजी गंभीरपणे म्हणाले आणि स्वतःच्या घरून वाळूच्या दोन बादल्या घेऊन आले. त्यानंतर ते रोज खुर्ची टाकून, घेऱ्याच्या बाहेर, पंचवीस फुटांवर बसत आणि तिथून सल्ला देत. लांबून द्यायचा म्हणून तो ओरडून द्यावा लागे, त्यामुळे महादेवरावांनी काय केलं आणि काय बिघडलं हे पुऱ्या गल्लीला तत्काळ समजे.

मग आले हिरालाल. कोपऱ्यावर त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. किल्ली फिरवली की फ्यूज उडतो, ही महादेवरावांची तक्रार ऐकून ते गालातल्या गालात हसले. "साहेब, तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगू? फ्यूज उडतो म्हणजे फ्यूज कमजोर. जाड तार टाका. उडायचं नावच घेणार नाही." महादेवरावांना हे पटलं. पटण्यासारखंच होतं. कमजोर माणूस बदलून दणकट माणूस नेमायचा, यात न पटण्यासारखं काय आहे? त्यांनी जाड तार टाकली आणि किल्ली फिरवली.

फ्यूज उडाला नाही. हिरालालचा शब्द खरा ठरला. फ्यूजच्या ऐवजी तारा जळायला लागल्या एवढंच. बॉनेटखालून धुराची वळी निघाली आणि ती दिसताच बंडूजी, ज्या क्षणाची ते चाळीस वर्षं वाट पाहत होते तो आला म्हणून, पंचवीस फुटांचं अंतर चार ढांगांत तोडून आले. दोन्ही बादल्या त्यांनी इंजिनावर रित्या केल्या. धूर थांबला. महादेवरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मिशीत, फाइलीत, कार्बोरेटरमध्ये, सगळीकडे वाळू.

गल्लीतून कोणीतरी विचारलं, "साहेब, लोड पाह्यला होता का?"

हा प्रश्न कोणी विचारला ते महादेवरावांना आजही ठाऊक नाही, पण कळलं तर ते त्याला सोडणार नाहीत. त्यांनी मिशी झटकली, आत जाऊन फाइलीत नोंद केली आणि खाली सही केली. कारण काहीही झालं तरी महादेवराव खोटी नोंद करत नसत. चौतीस वर्षांत केली नव्हती.

तीन दिवस वाळू काढण्यात गेले. मधल्या काळात पुन्हा तपासणीची वेळ घेण्यासाठी अर्ज भरायचा होता, तो कॉम्प्युटरवर. महादेवरावांनी सगळं भरलं आणि शेवटी कॉम्प्युटरने सहा आकडे मागितले, जे मालकाच्या मोबाइलवर येतात. मालक शकुंतलाबाई. त्या बचत गटाच्या बैठकीला गेलेल्या आणि मोबाइल पिशवीत, पिशवी खुंटीला. महादेवराव उन्हातून धावत तिथे पोहोचले तोवर त्या आकड्यांची दहा मिनिटं संपली. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी कॉलनीतल्या एका पोराला कॉम्प्युटरपुढे बसवलं, स्वतः बैठकीतच ठाण मांडलं आणि लोणच्याच्या चर्चेत पाऊण तास बसून आकडे त्याला फोनवर सांगितले. छापलेल्या अर्जावर मालकाची सही हवी होती. महादेवरावांनी सवयीने सही ठोकली आणि खाली लिहिलं, 'शकुंतलाबाई इखार करिता'. हयातभर त्यांनी असंच केलं होतं. मोठ्या साहेबांच्या नावापुढे 'करिता' लिहून सह्या केल्या होत्या आणि खातं चाललं होतं.

तपासणीच्या कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "करिता चालत नाही. मालक पाहिजे."

"अवं, मी नवरा हाये तिचा!"

"ते असाल. मालक पाहिजे."

महादेवरावांनी आजवर या एका कारणावरून किती लोकांचे अर्ज परत केले असतील याचा हिशेब नाही. पण ते लोक वेगळे होते. ते नियम न समजणारे होते. महादेवरावांना नियम समजत होता आणि तरी त्यांचा अर्ज परत आला, हा सरळसरळ अन्याय होता. शेवटी शकुंतलाबाईंनी स्वतः येऊन सही केली तेव्हा वेळ मिळाली.

अकराव्या दिवशी दुपारी बारा वाजता, उद्या साडेदहाला तपासणी आणि आज शेवटचा हात म्हणून महादेवरावांनी बॅटरी जोडली. फ्यूज पेटीवरचं झाकण लावताना चिठ्ठ्या आत कोंबाव्या लागल्या, त्यासोबत सेहेचाळीस पत्र्याची टोकंही आत गेली. झाकण बसलं आणि हॉर्न सुरू झाला.

तो थांबेचना. महादेवरावांनी किल्ली काढली, तरी चालू. बटणावर बुक्की मारली, तरी चालू. झाकण उघडून हाताला येईल ती चिठ्ठी ओढली तर हॉर्न तसाच आणि वर हेडलाइट लागले, इंडिकेटर नाचायला लागले. गल्लीतली सगळी कुत्री जमून एका सुरात रडायला लागली. बंडूजी रिकाम्या बादल्या घेऊन वाळू शोधत पळाले. आणि ऐन त्याच वेळी धनंजय आपली नवी मोटार घेऊन आला, उद्या गाडी ओढून न्यायची झाली तर दोर कुठे बांधायचा ते पाहायला.

शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. डिकीतून दहा नंबरचा पाना काढला, बॅटरीची एक तार सोडवली, आणि एकदम शांतता झाली. फक्त कुत्री थोडा वेळ चालू होती.

"चला," त्या म्हणाल्या. "जामले नत्थू हाये. बाबा त्याच्याकडंच नेत होते गाडी."

"मी मिस्त्रीकडं जाणार नाई!" महादेवराव कडाडले. "लोक काय म्हणतीन?"

"लोकं तर म्हणूनच राह्यले," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि चप्पल घालून गाडीत बसल्या.

वर्ध्याहून जाम म्हणजे सव्वा तासाचा रस्ता. बॅटरी पुन्हा जोडली होती, फक्त हॉर्नची तार सोडून ठेवली होती. ब्रेकचे दिवे नव्हते, म्हणून धनंजय आपली मोटार मागे लावून, दोन्ही इंडिकेटर मिचकावत, चाळीसच्या वेगाने येत होता. समोरून येणारे दुचाकीवाले गाड्या कडेला घेऊन हात जोडत होते. त्यांना वाटत होतं कोणाची तरी मयत निघाली आहे. महादेवरावांनी दोनदा नमस्कार स्वीकारला आणि तिसऱ्यांदा मान फिरवली.

नत्थूचं गॅरेज म्हणजे जामच्या चौरस्त्यापुढे एक कडुलिंब, त्याखाली एक खाट आणि तारांची एक पेटी. साठीचा शिडशिडीत माणूस, ट्रकवाल्यांचा लाडका. आठ-दहा ड्रायव्हर चहाचे गिलास घेऊन बसलेले. नत्थूने बॉनेट उघडलं आणि तो पाहतच राहिला. मग हळूच एक चिठ्ठी दोन बोटांत धरून वर केली. पत्र्याचं टोक चमकलं.

"हे काय होय जी?" त्याने विचारलं. "ह्या तारेचा करंट ह्या टोकातून त्या तारेत जाऊन राह्यला. सगळ्या तारा एकमेकीच्या गळ्यात गळा घालून बसल्या. कोण्या कारागिराचं काम होय हे? पाय धुऊन पाणी प्या लागते त्याचे."

ड्रायव्हर हसले. महादेवरावांचे कान तापले. पण धनंजय, ज्याच्याकडून त्यांनी कधी चांगल्याची अपेक्षा केली नव्हती, तो पुढे झाला आणि म्हणाला, "होता कोणी तरी फिरता मिस्त्री. भाऊजी बाहेरगावी गेलते अन् तो करून गेला. आता कुठला सापडते!"

महादेवरावांना मेहुण्याबद्दल प्रथमच माया दाटून आली. त्यांनी मान डोलावली.

"मंग तर मुश्किल हाये," नत्थू म्हणाला. "सगळ्या तारा पांढऱ्या. कोणती कुठून काढली, कुठं लावली, हे त्या मिस्त्रीलेच ठाऊक. तो सापडला तर चार घंट्यात गाडी देतो. नाई सापडला तर सगळं उपटून नवीन टाका लागते. आठ रोज."

तपासणी उद्या साडेदहाला. धनंजयने घड्याळ पाहिलं आणि मग शकुंतलाबाईंकडे पाहिलं. त्या पुढच्या सीटवर बसून पदराच्या टोकाने डॅशबोर्डच्या फटीतली वाळू पुसत होत्या. उद्या जी गाडी तुकड्यातुकड्याने जाणार ती आज पुसून काय करायची? पण त्या पुसत होत्या, मन लावून, लेकराचं तोंड पुसावं तशा.

महादेवरावांनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"तो मिस्त्री मीच हाये," ते म्हणाले.

"काय म्हटलं जी?" नत्थूने विचारलं. रस्त्यावरून ट्रक जात होता.

"मी! मी हाये तो मिस्त्री!" महादेवराव गरजले. "कोणी फिरता नव्हता. अन् मले वायरिंगातलं ओ का ठो समजत नाई! मी हापिसात रजेचे अर्ज पाहत होतो! चौतीस वर्षं रजेचे अर्ज पाह्यले! पण म्यां जे केलं ते सगळं लिहून ठेवलं हाये, तारखेवार."

आणि त्यांनी गाडीतून फाइल काढली.

नत्थूने फाइल हातात घेतली नाही. त्याने तोंडात टॉर्च धरला, पाठीवर पडून डोकं डॅशबोर्डखाली घातलं आणि तिथून टॉर्च काढून ओरडला, "वाचा जी! जोरानं वाचा. ट्रकच्या आवाजात आयकू येत नाई!"

मग महादेवराव इखार, निवृत्त हेडक्लार्क, जामच्या हमरस्त्यावर कडुलिंबाखाली उभे राहिले आणि त्यांनी आपल्या चुका क्रमवार, घसा ताणून वाचल्या.

"दिनांक तीन! तार क्रमांक सात ओढून पाहिली असता तुटली! सबब ती क्रमांक चौदाला जोडण्यात आली!"

"चौदाले काऊन?"

"जवळ होती म्हणून!"

ड्रायव्हर खाटेवरून उठून जवळ आले.

"दिनांक पाच! श्री. हिरालाल यांच्या सल्ल्यावरून फ्यूजच्या जागी जाड तार बसवली! परिणाम, धूर! पुढील परिणाम, वाळू!"

एका ड्रायव्हरला चहाचा ठसका लागला.

"दिनांक नऊ! तार क्रमांक एकोणीसचा उद्देश समजून आला नाही! सबब ती कापून बाजूला ठेवण्यात आली!"

डॅशबोर्डखालून नत्थूचं डोकं बाहेर आलं. "उद्देश? बावा, ते ब्रेकच्या लाइटची होय!"

महादेवरावांनी खिशातून पेन काढून तिथेच दुरुस्ती केली आणि पुढचं पान उलटलं. लोक हसत होते, पोट धरून हसत होते, आणि ते वाचत होते. कोणी हसलं म्हणून त्यांनी एक ओळ गाळली नाही. तेवीसच्या तेवीस तारा संपल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. नत्थू एकेक तार जागेवर नेत गेला, जळक्या चार बदलल्या, टॅग तोडून टाकले. शेवटी त्याने बॉडीवरच्या एका बोल्टवर बोट ठेवलं. "अन् हा कोणी रंगवला?"

"पेंटरनं. पण सांगितलं म्यांच," महादेवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. हे फाइलीत नव्हतं, तरी सांगितलं.

"मूळ बिमारी हेच होती जी. गाडीचं अर्थिंग ह्या बोल्टातून जाते. रंगामुळं त्याले लोखंड भेटत नव्हतं. म्हणून करंट भलत्याच रस्त्यानं जात होता." त्याने पॉलिश पेपरने बोल्ट घासला. दोन मिनिटं लागली. अकरा दिवस, दोन बादल्या वाळू, एक सदरा आणि चौतीस वर्षांची अब्रू, आणि दोन मिनिटं! महादेवरावांना वाटलं, त्या बोल्टला जाब विचारावा.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला गाडी हजर झाली. साहेब म्हणाले, हॉर्न. हॉर्न वाजला. ब्रेक, मागे लाल दिवा लागला. साहेबांनी सगळं दोनदा पाहिलं आणि पास केली. शकुंतलाबाईंनी सही केली. धनंजय फाटकाशी उभा होता. "नागपूरवाल्याले नाई म्हणून सांगतो," तो म्हणाला, बहिणीच्या पाया पडला आणि गेला.

परतताना गाडीत दोघंच. महादेवरावांनी घसा साफ केला. रात्रभर त्यांनी हे वाक्य जुळवलं होतं.

"शकुंतला, काल तिथं चारचौघांत जे बोललो, ते तुले म्यां लय आधी सांगाले पाह्यजे होतं. मले लाइटमधलं काही येत नाई."

"मले ठाऊक होतं," शकुंतलाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या.

"कालपासून," महादेवराव म्हणाले.

"लग्नाच्या सालापासून. घरची लाइन गेली, तुम्ही हापिसात फोन लावला. 'इखार बोलतो, लाइन पाहा.' अन् खुर्चीवर बसून राह्यले. मी मागच्या दारानं गेली, मीटरजवळचा फ्यूज काढला, तार बांधली, बसवला. लाइन आली. तुम्ही म्हणाले, पाह्यलं? एका फोनवर आली."

महादेवरावांनी गाडी कडेला घेतली. "एकदा झालं असंल असं."

"दर खेपी."

"दर खेपी? अन् मी दर खेपी त्या लाइनमनले फोन करून शाबासकी देत होतो ते?"

"भेटला होता तो मले एकदा बाजारात. म्हणे वहिनी, साहेब कायची शाबासकी देते समजत नाई. म्यां म्हटलं, देते तर घेत जा बावा."

महादेवरावांचा चेहरा लाल झाला. "मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्हाले बरं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "चार लोकांत तुमची मान वर राहत होती. मले काय, तार बांधाले दोन मिनटं लागते."

महादेवरावांनी स्टेअरिंगवर हात आपटला. मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांनी संशयाने बायकोकडे पाहिलं. "गाडी बी चालवता येते का तुले?"

"येते. बाबांनी ह्याच गाडीवर शिकवली. तुम्ही कधी विचारलं नाई."

"हे बी मीच विचाराचं होतं?" महादेवराव ओरडले. ओरडतच ते खाली उतरले, दार आपटलं, गाडीला वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडून उभे राहिले. "सरक तिकडं! सरक म्हणतो ना! अन्याय होय हा, सरळ सरळ अन्याय!"

शकुंतलाबाई सरकल्या. पदर खोचला, गिअर टाकला आणि गाडी अशी अलगद निघाली की महादेवरावांचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. कॉलनीचं वळण आलं आणि मागे गेलं.

"वळण गेलं! वळण गेलं तुह्यं!"

"जाऊ द्या," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पवनारपरेंत जाऊन येऊ. पुलावरून एक चक्कर मारू अन् वापस."

महादेवराव भांडायला वळले. पण बायको इतकी आनंदात त्यांनी पाहिली होती कधी, हे त्यांना आठवेना. तेव्हा त्यांनी खिडकीची काच खाली केली, हात बाहेर टेकवला आणि रागावूनच, पण गप्प बसले.